शेवटाची तारीख नसलेली चिठ्ठी

ज्या औषधांविषयी हे पुस्तक आहे, ती बहुतेक घरांत औषधांच्या डब्यात सापडत नाहीत. बीपीची, शुगरची, थायरॉइडची गोळी डब्यात असते. सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला तो प्लॅस्टिकचा डबा मुलीने आणून दिलेला असतो. ही गोळी मात्र उशीखाली, पर्सच्या आतल्या कप्प्यात, चष्म्याच्या घरात, नाहीतर देव्हाऱ्याखालच्या खणात असते. घरच्यांना ती ठाऊक असते, पण कुणी विषय काढत नाही. नवीन डॉक्टरांनी "सध्या कोणती औषधं चालू आहेत?" असं विचारलं की बाकीची नावं घडाघडा सांगितली जातात आणि ही तेवढी राहून जाते. लपवण्याचा हेतू नसतो. ती औषधांत धरलीच जात नाही. "झोपेची अर्धी घेते हो, बाकी काही नाही."

मी औषधविक्रेती आहे. जिल्ह्याच्या गावी बसस्टँडजवळ आमचं मेडिकल आहे, आधी सासरे बसत, आता मी बसते. पुस्तकाचे लेखक मनोविकारतज्ज्ञ आहेत. प्रस्तावना एखाद्या नामवंत डॉक्टरांकडून घ्या, असं मी त्यांना सुचवलं होतं. त्यांचं म्हणणं वेगळं पडलं. डॉक्टर ही गोळी एकदा लिहितात. माणूस ती न्यायला तुमच्याकडे दर महिन्याला येतो, तेव्हा तिचं पुढे काय होतं ते तुम्ही लिहा, असं ते म्हणाले. ते मला पटलं, म्हणून लिहिते आहे.

आधी औषधांची ओळख. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोर्डायझेपॉक्साइड ही सगळी एका घराण्यातली, बेन्झोडायझेपिन गटातली औषधं. रचनेने जरा निराळं पण कामाने त्यांच्यासारखंच असलेलं एटिझोलामही आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. लोक त्यांना झोपेची गोळी, टेन्शनची गोळी, डोकं शांत राहायची गोळी म्हणतात. पण या नावांनी न ओळखली जाणारी गोळीही असते आणि माझ्या मते ती जास्त काळजी करण्यासारखी आहे. पोटात कळ येते, गॅस धरतो, शौचाला वारंवार जावं लागतं, यासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं लिहिल्या जाणाऱ्या काही जोडगोळ्यांत क्लोर्डायझेपॉक्साइड असतं. नैराश्यासाठीच्या एस्सिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतं. छातीतल्या धडधडीसाठीच्या प्रोप्रानोलोलबरोबर अल्प्राझोलाम मिळतं. ती घेणारा माणूस शपथेवर सांगेल की मी झोपेची गोळी कधी तोंडातही घातलेली नाही. त्याचं खरंच असतं, कारण त्याला तसं कुणी सांगितलेलंच नसतं. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात घटकांची नावं असतात, ती वाचायला ना त्याला वेळ असतो ना नजर.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते, नाहीतर पुढचं सगळं चुकीच्या अर्थाने वाचलं जाईल. ही औषधं वाईट नाहीत. फिट थांबत नसेल तेव्हा शिरेतून दिलेलं लोराझेपाम जीव वाचवतं. दारू सोडताना होणारा थरकाप, भास आणि झटके रोखायला याच गटाचा आधार घ्यावा लागतो. ऑपरेशनच्या आधीची भीती, पॅनिकचा तीव्र झटका, घरात अचानक मृत्यू झाल्यावरच्या पहिल्या काही रात्री, इथे ती योग्य हातांनी, थोड्या दिवसांसाठी दिली तर माणूस सावरतो. माझी तक्रार औषधाविषयी नाही, ते सुरू करताना जी गोष्ट बोलली जात नाही तिच्याविषयी आहे: हे थांबवायचं कधी आणि कसं.

या गटाच्या जन्माची हकिकत पुस्तकात एका परिच्छेदात येते. मला ती जरा सविस्तर सांगावीशी वाटते, कारण आज जे चाललं आहे त्याची मुळं तिथे आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मन शांत करायला आणि झोप यायला डॉक्टर बार्बिट्युरेट लिहीत. १९०३ मध्ये बाजारात आलेलं बार्बिटल हे त्यांतलं पहिलं. त्या औषधांत उपयोगाचा डोस आणि जीव घेणारा डोस यांत अंतर फार थोडं होतं. १९५५ मध्ये अमेरिकेत मेप्रोबामेट आलं आणि 'ट्रँक्विलायझर' ही चीज एकदम लोकप्रिय झाली. इतर कंपन्यांनाही आपापलं ट्रँक्विलायझर हवं झालं. न्यू जर्सीमधल्या नटली इथे रॉश कंपनीच्या प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. ते मूळचे पोलिश ज्यू. युरोप पेटलेला असताना, १९४१ मध्ये, अमेरिकेत आलेले. क्राकोवमध्ये तरुणपणी रंगांसाठी म्हणून अभ्यासलेली काही संयुगं त्यांनी पुन्हा हाताशी घेतली आणि त्यांपासून एकामागून एक नवी संयुगं बनवली. एकाचाही उपयोग दिसेना. दुसरं काम घ्या, असं त्यांना सांगण्यात आलं. १९५७ मध्ये प्रयोगशाळेची आवराआवर चालू असताना न तपासलेलं एक स्फटिकरूप संयुग बाटलीत राहिलेलं सहकाऱ्याला दिसलं. टाकून देण्याआधी ते प्राण्यांवरच्या चाचणीसाठी धाडलं गेलं. प्राणी शांत झाले, त्यांचे स्नायू सैलावले, तरी ते जागे होते. तेच क्लोर्डायझेपॉक्साइड. १९६० मध्ये ते लिब्रियम नावाने बाजारात आलं, १९६३ मध्ये त्याहून प्रभावी डायझेपाम व्हॅलियम नावाने आलं.

डॉक्टरांना हायसं वाटलं. जास्त गोळ्या खाल्ल्या तरी, सोबत दारू किंवा दुसरं गुंगीचं औषध नसेल तर, माणूस सहसा दगावत नव्हता. बार्बिट्युरेटच्या तुलनेत हे फारच मोठं पाऊल होतं. पण 'सुरक्षित' या एका शब्दाखाली दोन वेगळे प्रश्न झाकले गेले. एकदम खूप घेतली तर काय, याचं उत्तर मिळालं होतं. रोज थोडी, वर्षानुवर्षं घेतली तर काय, हे विचारायला वीस वर्षं गेली. तोवर १९७८ मध्ये एकट्या अमेरिकेत व्हॅलियमच्या वर्षाला २०० कोटींहून अधिक गोळ्या खपत होत्या. घरकामाने थकलेल्या, एकट्या पडलेल्या, चिडचिड करणाऱ्या बाईला गोळी द्यावी, असा तो काळ होता. औषधांच्या जाहिरातींतल्या स्त्रिया स्वयंपाकघरात, मुलांच्या गराड्यात उभ्या असत. १९७९ मध्ये बार्बरा गॉर्डन या टीव्ही निर्मातीने आपली हकिकत लिहिली. डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हॅलियम एकाएकी बंद केल्यावर तिची पुरती वाताहत झाली होती. त्याच वर्षी सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या समितीसमोर या औषधांवर सुनावणी झाली आणि सुशिक्षित, नोकरदार, कधी कुठलीही नशा न केलेली माणसं आपली अवस्था सांगायला पुढे आली.

इंग्लंडमध्ये लंडनच्या माल्कम लेडर या संशोधकांनी नेमून दिलेल्या, साध्या डोसवरही शरीर अवलंबून होतं हे ठामपणे मांडलं. न्यूकॅसलला डॉ. हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं ही औषधं सोडू पाहणाऱ्यांसाठी खास क्लिनिक चालवलं. त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. त्यांनी रुग्णांचं ऐकून घेतलं, ही त्यांची मोठी कामगिरी मला वाटते. अंगावर मुंग्या येतात, जमीन हलल्यासारखी वाटते, भांड्यांचा आवाज कानात घुसतो, ही गाऱ्हाणी इतर ठिकाणी 'तुमचा मूळचा आजार परत आला' म्हणून उडवून लावली जात होती. त्या अनुभवावरून त्यांनी १९९९ मध्ये लिहिलेली मार्गदर्शिका आजही जगभर वापरात आहे. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना सांगितलं, की ही औषधं फक्त तीव्र, माणसाला हतबल करणाऱ्या चिंतेसाठी आणि तीही दोन ते चार आठवडेच द्यावीत. हजारो रुग्णांनी कंपन्यांवर खटलेही भरले, पण ते तडीस गेले नाहीत. आणि याच सुमारास, १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं अल्प्राझोलाम जगभर पसरत होतं. ते लवकर चढतं आणि लवकर उतरतं, म्हणून त्याची ओढ अधिक. एवढा इतिहास घडून गेल्यावर, २०२० मध्ये, अमेरिकेच्या एफडीएने या गटातल्या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकावर गैरवापर, अवलंबित्व आणि विथड्रॉवल (औषध थांबवल्यावर होणारा त्रास) यांचा ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला.

शरीरात काय घडतं ते लेखकांनी आकृत्यांसह फार चांगलं समजावलं आहे, म्हणून मी थोडक्यात सांगते. मेंदूत पेशींची धावपळ आवरणारं 'गाबा' नावाचं रसायन असतं. ही गोळी त्या रसायनाचा परिणाम वाढवते. रोज वाढवत राहिली की मेंदू स्वतःच्या बाजूने तो परिणाम कमी करून घेतो, त्यामुळे तीच गोळी पूर्वीइतकी लागू पडत नाही. मग एके दिवशी गोळी थांबली, की आवरणारं फार थोडं उरतं. झोप उडते, छाती धडधडते, घाम फुटतो, हात कापतात, विनाकारण भीती वाटते, आणि काहींना सरळ फिट येते. अल्प्राझोलामसारखं लवकर उतरणारं औषध असेल तर दोन डोसांच्या मधल्या वेळेतही अस्वस्थता सुरू होते. दुपारी चारला जीव घाबरा होतो, पाचची गोळी घेतली की बरं वाटतं. त्या बाईंना वाटतं, बघा, या गोळीवाचून माझं चालत नाही. पुष्कळदा दुपारी चारची ती घबराट गोळीनेच निर्माण केलेली असते. हे समजायला मला स्वतःला पुष्कळ वाचावं लागलं, आणि ते समजल्यापासून 'आजी, तुम्ही फार टेन्शन घेता' हे वाक्य मी कुणाला म्हणत नाही.

इथे लेखकांनी एक भेद काटेकोरपणे पाळला आहे. अवलंबित्व आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि माणसं तिथे वेगळ्या वाटांनी पोचतात. सांगितलेल्या डोसापलीकडे एक कणही न घेतलेल्या, कधीही नशा म्हणून ती न घेतलेल्या माणसाचं शरीरही या गोळीवर अवलंबून होतं. त्याला व्यसनी म्हणणं अन्याय आहे आणि उपचाराच्या दृष्टीनेही चुकीचं आहे. 'व्यसनी' हा शिक्का बसेल या भीतीने माणसं डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाहीत आणि गोळी उशीखालीच राहते.

आपल्याकडे ही गोळी सुरू होते तरी कशी? दुकानात बसून मी पाहिलेल्या सुरुवाती अगदी साध्या आहेत. नवरा गेला, दहाव्या-बाराव्याच्या गडबडीत फॅमिली डॉक्टरांनी पाच गोळ्या दिल्या. कंबर धरली, हाडांच्या डॉक्टरांनी वेदनाशामकासोबत रात्रीची एक लिहिली. छातीत दुखलं, ईसीजी नॉर्मल निघाला, 'टेन्शनमुळे होतंय' म्हणून लिहिली. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, तिथे झोप येत नव्हती म्हणून दिलेली गोळी डिस्चार्ज कार्डावर तशीच उतरली आणि घरी आली. यात कुणाचा वाईट हेतू नाही. साठ रुग्ण बाहेर बसलेले असताना पाच मिनिटांत माणसाला बरं वाटेल असं हातात दुसरं काय आहे? समुपदेशक तालुक्याला नाही, मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं तर जिल्ह्याला जावं लागतं आणि गावात चर्चा होते. चिंतेच्या आजारावर दीर्घकाळ चालणारी योग्य औषधं लागू पडायला काही आठवडे घेतात. ही गोळी अर्ध्या तासात काम करते.

आणि मग ती चिठ्ठी राहते. माझ्या काउंटरवर येणाऱ्या काही चिठ्ठ्यांना घडीवर चिरा पडलेल्या असतात, मागून सेलोटेप लावलेली असते. एका गृहस्थांनी तर चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली होती, रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवत. वर तारीख होती, खाली सही होती, औषधाच्या नावापुढे 'रात्री झोपताना' असं लिहिलेलं होतं. किती दिवस, ते नव्हतं. सही करणारे डॉक्टर वारून बराच काळ लोटला होता.

कायद्याने हे चालू नये. १९४५ च्या औषध नियमांनुसार चिठ्ठीवर रुग्णाचं नाव-पत्ता, तारीख, डोस आणि एकूण किती औषध द्यायचं हे लिहिलेलं असायला हवं, आणि डॉक्टरांनी पुन्हा देण्याविषयी स्पष्ट लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध देता येतं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही ही औषधं मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ म्हणून येतात. २०१४ च्या मार्चपासून त्यांतली बरीचशी शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. म्हणजे पट्टीवर लाल चौकट, आणि आमच्याकडे वेगळं रजिस्टर. त्यात डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. तपासनीस येतात तेव्हा हेच रजिस्टर आधी मागतात. रकाने भरलेले आहेत का ते बघतात. तेच नाव महिन्यामागून महिने त्या पानांवर येतं आहे, या माणसाशी कुणीतरी बोललं पाहिजे, हे बघण्यासाठी ते रजिस्टर कुणी उघडलेलं मी पाहिलेलं नाही.

कायद्याची नजर बाजारावर आहे आणि ती असायलाच हवी. मालेगावात, छत्रपती संभाजीनगरात अल्प्राझोलामच्या गोळ्या 'कुत्ता गोळी' नावाने तरुण पोरांना विकल्या जातात, पोलिसांच्या कारवाया होतात, बातम्या येतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एम्सच्या तज्ज्ञांनी केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीत झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या वैद्यकीय कारणाशिवाय, चिठ्ठीशिवाय घेणाऱ्यांचं प्रमाण १० ते ७५ वयोगटात १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख माणसं, असं निघालं. पण या आकड्यात आमच्या लॅमिनेट केलेल्या चिठ्ठीचे मालक धरलेले नाहीत. त्यांच्याकडे चिठ्ठी आहे.

शेजारच्या तेलंगणात घडलेलं मला या संदर्भात वारंवार आठवतं. तिथे ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट मिसळण्याचा धंदा जुना आहे. २०१५ मध्ये भेसळीवर कडक कारवाई झाली आणि निजामाबाद, महबूबनगरकडची माणसं झटके, भास, भ्रमिष्टपणा घेऊन इस्पितळांत दाखल होऊ लागली. ताडी पिणाऱ्या शेतमजुराला आपण कुठलं औषध घेतो आहोत हे माहीत नव्हतं. ते बंद झालं तेव्हाच शरीराने सांगितलं. पोटाच्या गोळीतून क्लोर्डायझेपॉक्साइड घेणारी माझी ओळखीची माणसं मला त्याहून फार वेगळी वाटत नाहीत. कारवाई बरोबरच होती. पण अशा माणसांचा पुरवठा एका रात्रीत तोडताना त्यांच्या उपचाराची सोय आधी लागते.

हेच घरगुती पातळीवर कसं होतं याचा एक प्रसंग सांगते. आमच्याकडून नेहमी औषधं नेणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका गावातल्या भजनी मंडळाबरोबर काशीयात्रेला गेल्या. निघण्यापूर्वी दुकानात येऊन त्यांनी बीपीची, थायरॉइडची, गुडघ्याची औषधं मोजून घेतली. अल्प्राझोलामची पट्टी त्यांच्या घरी होती, ती घरीच राहिली. पुष्कळ वर्षं त्या सकाळी आणि रात्री ०.५ घेत होत्या. रेल्वेतली पहिली रात्र जागून गेली. प्रवासात झोप कुठली लागते, असं सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी घाटावर त्यांच्या हातून पाण्याचा तांब्या निसटला, हात कापत होते. तिसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या खोलीत त्या कोपऱ्यात बसून राहिल्या, साडी घामाने भिजलेली, आणि घराला कुलूप लावलं नाही, कुलूप लावलं नाही, असं एकसारखं म्हणू लागल्या. बरोबरच्या बायकांत कुणी अर्धांगाचा झटका म्हणालं, कुणी बाहेरचं काही म्हणालं. तिथल्या डॉक्टरांनी शुगर, बीपी, ईसीजी सगळं पाहिलं आणि नेहमीच्या औषधांची यादी मागितली. बाईंनी तीन नावं सांगितली. चौथं सांगितलं नाही.

मंडळातल्या एका ताईंनी मला फोन केला, कारण बाईंच्या पिशवीवर आमच्या दुकानाचं नाव होतं. मी रजिस्टर उघडलं आणि फोन डॉक्टरांकडे द्यायला सांगितलं. अल्प्राझोलाम हे नाव ऐकल्यावर त्या डॉक्टरांना पुढचं सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी बाई आरतीला उभ्या होत्या. परत आल्यावर त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "बाई, ती औषध आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, झोप लागेपर्यंत घ्या." मिळालेली सूचना त्यांनी तंतोतंत पाळली होती.

त्यांच्यासारख्या वयस्क माणसांविषयीचं प्रकरण मला या पुस्तकात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वय वाढलं की औषध शरीरातून हळू बाहेर पडतं. रात्री लघवीला उठलेली आजी धडपडते, खुब्याचं हाड मोडतं, आणि पडण्याचं कारण म्हणून ओल्या फरशीचं नाव सांगितलं जातं. विसरभोळेपणा वाढतो, घरचे 'वय झालं आता' म्हणतात. विसरण्याची तपासणी करायला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाने आधी उशीखाली पाहावं, असं लेखक लिहितात ते योग्यच आहे. दारूबरोबर, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकाबरोबर किंवा कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाबरोबर ही गोळी श्वास मंद करते, इतका की तो थांबूही शकतो. हे वाक्य लेखकांनी पुस्तकात जागोजागी दिलं आहे, आणि संपादकांनी ते कुठेही गाळलं नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आता थांबवण्याविषयी. सगळ्यात मोठा धोका असा, की हे पुस्तक वाचून कुणी तरी आजच रात्री पट्टी कचऱ्यात टाकेल. कृपा करून तसं करू नका. बराच काळ रोज घेतलेली ही गोळी एकदम बंद करणं, ती चालू ठेवण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकतं. फिट्सच्या आजारासाठी क्लोनाझेपाम किंवा क्लोबाझाम चालू असेल तर त्याला आपल्या विचाराने हातही लावायचा नाही. अ‍ॅश्टनबाईंची रीत अशी होती की लवकर उतरणाऱ्या गोळीवरून माणसाला हळूहळू डायझेपामसारख्या संथ उतरणाऱ्या औषधावर आणायचं आणि मग ते महिनोन्महिने थोडं थोडं कमी करत न्यायचं. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी २०२५ मध्ये मिळून दिलेल्या सूचनाही त्याच दिशेच्या आहेत: दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के कपात करून पाहावी, आणि कोणत्याही दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांहून जास्त तर नाहीच. वेग माणसाच्या सोसण्याप्रमाणे ठरवायचा. घरात लग्न असेल, कुणी आजारी असेल, तर त्या महिन्यात आहे तिथेच थांबायचं. शेवटचा पाव तुकडा सोडणं अनेकांना सगळ्यात जड जातं, असं मी पाहिलं आहे. तेव्हा घरच्यांनी 'एवढ्याशा तुकड्याने काय होतंय' असं म्हणू नये.

हे सगळं पुस्तकाने साधेल का, असा प्रश्न मीही लेखकांना विचारला. उत्तरादाखल त्यांनी मला कॅनडातल्या क्वेबेकमधला एक अभ्यास वाचायला दिला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आहे आणि मला तो आमच्या व्यवसायासाठी फार मोलाचा वाटतो, कारण तो औषधांच्या दुकानांमार्फतच झाला. या गटातली औषधं दीर्घकाळ घेणारी ६५ वर्षांवरची ३०३ माणसं संशोधकांनी निवडली. निम्म्यांना टपालाने एक पुस्तिका धाडली. त्यात या गोळीचे धोके सोप्या भाषेत होते, स्वतःला विचारायचे प्रश्न होते, आणि डोस हळूहळू कसा कमी करायचा याचा चित्रांचा तक्ता होता, डॉक्टरांशी किंवा फार्मासिस्टशी बोलून वापरायचा. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के माणसांनी गोळी पूर्ण थांबवली होती, न मिळालेल्यांपैकी ५ टक्के. एक पुस्तिका, मोठ्या अक्षरातली. ती माणसं वर्षानुवर्षं गोळी घेत होती आणि त्यांना तोवर कुणी नीट सांगितलं नव्हतं, एवढाच याचा अर्थ मी लावते.

लेखकांशी माझा एका मुद्द्यावर मतभेद आहे आणि त्यांनी तो इथे लिहायची मोकळीक दिली. सातव्या प्रकरणात ते म्हणतात, चिठ्ठी जुनी असेल तर औषधविक्रेत्याने गोळी साफ नाकारावी. नियम तोच आहे आणि मी तो पाळते. पण नुसता नकार देऊन माणसाला परत पाठवलं तर तो पुढच्या दुकानात जातो, किंवा त्या रात्रीपासून त्याची गोळी एकदम बंद होते. काशीत काय झालं ते वर सांगितलं आहे. म्हणून नकार देताना त्याला बसवून घ्यावं, त्याच्या डॉक्टरांना काउंटरवरूनच फोन लावावा, डॉक्टर हयात नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेऊन द्यावी, आणि ही गोळी अचानक सोडायची नसते हे त्याला आणि सोबत आलेल्या माणसाला सांगावं. याला दहा मिनिटं लागतात. संध्याकाळच्या गर्दीत दहा मिनिटं काढणं कठीण आहे हे मला ठाऊक आहे, तरी हे काम आमचंच आहे. डॉक्टरांकडून माझी मागणी त्याहून लहान आहे. औषधाच्या नावापुढे दिवसांचा आकडा लिहा आणि तो रुग्णाला वाचून दाखवा.

ज्यांच्या गावात बोलायला कुणी नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. चिंतेचा मूळ आजार राहिलाच असेल तर त्यावर वेगळे, जास्त टिकाऊ उपचार आहेत. विचारांची आणि वागण्याची सवय बदलणारी मानसोपचाराची पद्धत आहे, सवय न लावणारी औषधं आहेत. त्यांची माहिती शेवटच्या दोन प्रकरणांत आहे. गोळी कमी करायला घेण्याआधी ती प्रकरणं वाचावीत. आधार तयार नसताना गोळी काढून घेतली की माणूस महिन्याभरात पुन्हा आमच्या काउंटरवर येतो.

पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता दिला आहे. तो फाडून काढता येतो. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, केव्हापासून, कुणी सुरू केली, असे रकाने आहेत. शेवटचे दोन रकाने पुष्कळांना भरता येणार नाहीत, ते कोरे सोडले तरी चालतील. मिलिग्रॅमचा आकडा मात्र आठवणीने लिहू नका. पट्टी उजेडात धरून वाचा, कारण ०.२५ आणि ०.५ च्या पट्ट्या दिसायला जवळजवळ सारख्या असतात. पोटाच्या, बीपीच्या, कंबरेच्या गोळ्यांच्या पट्ट्याही उलट्या करून घटकांची नावं पाहा. वाचता आली नाहीत तर सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून जवळच्या मेडिकलमध्ये न्या आणि वाचून द्यायला सांगा. त्याचे पैसे कुणी घेणार नाही. तक्ता भरला की तो घेऊन डॉक्टरांकडे जा.